पॉलिशवाल्या काकांना, झोपाळ्याच्या निमित्तानं

काका, नमस्कार.

तुम्ही मराठी आमच्याइतकंच सफाईनं बोलता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यांमध्ये चाळीस वर्षं कपाटं-देव्हारे पॉलिश केलेत, भाषा तिथेच उचललीत. पण वाचायला बसलात की गुजरातीत नसलेली ती अक्षरांवरची आडवी रेघ डोळ्यांत येते, हे तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. आणि त्याला सांगा, माझ्या फजितीचे भाग गाळायचे नाहीत.

एप्रिलअखेर जुन्या फर्निचरच्या दुकानातून मी झोपाळा आणला, दोन खांबांचा, सगळा गुलाबी ऑइल पेंटनं थापलेला. जिन्यातच तुम्ही पाट उलटा करून त्याला नख लावलंत, वास घेतलात आणि "साग आहे" एवढंच म्हणालात. त्या दोन शब्दांवर माझा पुढचा सगळा महिना गेला.

सुरुवातीला मी तुम्हाला विचारलंच नाही. हार्डवेअरवाल्यानं कॉस्टिक सोडा हातात ठेवला होता. ती पुडी तुमच्या नजरेला पडली म्हणून बरं. "याच्यानं रंग जाईल, पण साग काळा पडेल. मग काय, काळा रंग लावणार?" मग मी रंग उतरवायचा रिमूव्हर आणला आणि भर दुपारी दोन वाजता गच्चीवर डबा उघडला. एक हात मारून चहा टाकून आले, तर पाट कोरडा ठणठणीत. परत लावला, परत तेच. अर्धा डबा हवेत गेल्यावर तुम्ही जिन्याच्या दारातून म्हणालात, "बेटा, औषध लाकडाला दे, आभाळाला नको." डब्यावरची बारीक अक्षरं मी त्यानंतर वाचली. आत मेथिलीन क्लोराइड होतं, ते 40 अंशांच्या आसपास उकळतं. त्या दुपारी बडोद्याचा पारा 42 वर होता!

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाच. ब्रश एकाच दिशेनं, जाड थर, परत फिरवायचा नाही. वर दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, पसरून झाकायच्या, म्हणजे औषध उडत नाही. वीस मिनिटांनी पिशवी उचलली तेव्हा गुलाबी रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला होता. आधी रंग खरवडायच्या पत्र्याची दोन्ही टोकं तुम्ही कानशीनं गोल करायला लावलीत, नाहीतर टोक सागात घुसतं आणि तो ओरखडा जन्मभर दिसतो. मग रेषांच्या दिशेनं पत्रा ढकलला. लांबलचक साल निघाली, खाली हिरवा थर, आणि दुसऱ्या हाताला त्याच्याही खालून मधासारखं लाकूड. मी अक्षरशः ओरडले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी घाबरून वर आल्या.

माझे ते पातळ हातमोजे तुम्ही पहिल्याच दिवशी बाद केलेत. दहा मिनिटांत बोटं चुरचुरायला लागली होती, तुमचं बरोबर होतं.

सुका पॉलिश पेपर मारायला घेतला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. चिरंजीव शेजारीच ती गुलाबी भुकटी बोटानं ओढत बसले होते. "पोराला खाली ने. आणि पाणी घे." वॉटर पेपर, ओलं फडकं, खाली वर्तमानपत्र, झाडू अजिबात नाही. तुम्ही कारण सांगितलं नाहीत, मला नंतर कळलं. घरगुती रंगातलं विषारी शिसं दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आमच्या झोपाळ्यावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे दिसत होते. मुलाच्या बोटांवर काय होतं ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

आणि खांब. पाटासारखंच औषध मी खांबालाही लावणार होते. तुम्ही काठीनं ब्रश अडवलात. गुलाबी जिथे टवका उडाला होता तिथे खाली विटकरी चकाकी आणि सोनेरी वेल होती. "संखेडा," तुम्ही म्हणालात, आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवरचं गाव. तिथलं काम म्हणजे लाकूड कातायच्या चरकावर फिरवलेला साग, त्यावर कथलाची नक्षी, वरून लाख. सोनं म्हणून दिसतं ते लाखेतून दिसणारं कथील. रिमूव्हर लागला असता तर लाख रंगाबरोबरच गेली असती. स्पिरिटही चालत नाही, हीटगन तर नाहीच. पण गुळगुळीत लाखेवर ऑइल पेंट नीट धरत नाही, म्हणून पाण्याच्या हातानं, बांबूची चपटी कामटी घेऊन, टवका टवका. खाचांत ओली सुतळी गुंडाळून बूट चमकवतात तशी मागेपुढे ओढायची. एका खांबाला अकरा दिवस लागले, काका. तुम्ही अकराही दिवस वर आलात.

जिन्याच्या दाराशी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून लांबून काठीनं दाखवायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला वाकवत नसेल. तुमच्या सुनेकडून कळलं की तुमची अँजिओप्लास्टी झालेली आहे. मेथिलीन क्लोराइड श्वासातून गेलं की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना ते जास्त बाधतं. पॉलिशच्या कामात आयुष्य काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तरी पाटाच्या त्या चारही सकाळी तुम्ही खुर्चीत होतात. मी मात्र रोज "काका, जवळ येऊन बघा ना" म्हणत होते. त्याबद्दल माफी.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. सेवउसळ आणली तर डॉक्टरांचं नाव पुढे केलंत. तेव्हा हे पत्रच घ्या.

पाट तयार आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घातली आहे, बोळाही तुम्ही सांगितला तसा जुन्या मलमलीचा केला आहे. पाऊस लागला की दमट हवेत पॉलिश पांढरट पडतं म्हणालात, म्हणून या रविवारी सकाळी पहिला हात मारायचा म्हणते. स्पिरिटचा वास असेल, तेव्हा खुर्ची लांबच ठेवीन. डाव्या खांबाच्या तळाशी दोन कड्यांत अजून हिरवा अडकलाय, सुतळी तिथे पोचत नाही. तेवढं येऊन बघा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची