भिंत उचलली, म्हणून मुळावर घाव नको

महोदय,

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांत कुंपणभिंत तडकली की खापर गुलमोहरावर किंवा पिंपळावर फुटते. झाडाचे मूळ ओल शोधत भिंतीच्या उथळ पायाखाली शिरते आणि वर्षागणिक जाड होत भिंत उचलते. म्हणून शेजारची गळकी पाइपलाइन आधी दुरुस्त करावी. नाहीतर छाटलेले मूळ पुन्हा तिकडेच वळते.

मुळे छाटायची ती पावसाळा सरल्यावर, माती हाताने उकरून, धारदार करवतीने. जेसीबीने मुळे ओरबाडली जातात, मग ती कुजतात. (ॲसिड ओतणारे महाभागही आहेत!) खोडाच्या व्यासाच्या निदान तिप्पट अंतर सोडावे: खोड 40 सेंमी, तर 120 सेंमीच्या आत करवत नको. एका बाजूची सगळी जाड मुळे गेली की झाड वादळात आडवे होते.

छाटणीनंतर भिंतीलगत 60 ते 90 सेंमी खोल चर खणून टणक प्लास्टिकची (एचडीपीई) जाड शीट उभी पुरावी, काठ जमिनीवर थोडा ठेवावा. नाहीतर मुळे वरून ओलांडतात. नवी भिंत बांधताना मुळाच्या दोन्ही बाजूंना खांब घेऊन वर आरसीसी बीम टाकावा, खाली पोकळी राहू द्यावी.

1975 च्या वृक्ष कायद्यात झाडाला इजा करणे हेही ‘तोडणे’च आहे. तेव्हा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी आधी, कंत्राटदार नंतर.

– एक वाचक, ठाणे