खोडलेल्या नावाची तारीख

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील इजिप्तवरच्या लेखात प्राचीन इजिप्तचा राजा थुटमोस तिसरा याला सूडाने पेटलेला सावत्र मुलगा ठरवले आहे. सावत्र आई हत्शेपसुत राजा म्हणून गादीवर बसली, म्हणून त्याने तिचे नाव भिंतींवरून खरवडले, असा लेखाचा सूर. खोडाखोड झाली हे खरेच. पण ती कधी झाली हे लेखात कुठेच नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

हत्शेपसुत वारली इ.स.पू. १४५८ च्या सुमारास, थुटमोसच्या राज्यकाळाच्या बाविसाव्या वर्षी (नावाने राजा तो तिच्या आधीपासूनच होता). खोडाखोड सुरू झाली त्यानंतर साधारण वीस वर्षांनी. इतकी वर्षे राग गिळून बसणारा माणूस विरळाच. शिवाय तिने कर्नाकच्या मंदिरसंकुलात बांधायला घेतलेल्या लाल क्वार्टझाइट दगडाच्या देवालयाचे राहिलेले काम त्याने आधी पुरे करवले. दगड सुटे करून ते उतरवले पुढे.

खोडले काय, तेही पाहावे. नकली दाढी लावलेली, राजाच्या वेशातली हत्शेपसुत छिन्नीखाली गेली. राणी म्हणून कोरलेली बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. काही राजमुद्रांत (राजाच्या नावाभोवती कोरलेल्या लंबगोल चौकटींत) तिचे नाव काढून थुटमोसच्या बापाचे किंवा आजाचे घातले आहे. पण स्त्रीलिंगी प्रत्ययाची खूण, पावाच्या आकाराचे ते छोटे अर्धवर्तुळ, आजूबाजूच्या मजकुरात कित्येकदा राहूनच गेले. नाव पुरुषाचे, व्याकरण बाईचे! (याच घोळातून एका नामवंत जर्मन पंडिताने हत्शेपसुत आणि हे राजे आलटूनपालटून गादी बळकावत होते, असा भलामोठा प्रपंच रचला होता.)

देर अल-बहारी या तिच्या मंदिराच्या जागी खड्ड्यांत फेकलेल्या तिच्या पुतळ्यांचे तुकडे १९२० च्या दशकात निघाले. रागाने चुरा केल्याची समजूत तेव्हापासूनची. अलीकडे उत्खननाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा बरेच पुतळे मान, कंबर आणि गुडघे इथेच मोडलेले आणि चेहरे अनेकदा शाबूत, असे दिसले. पुतळ्यातली शक्ती काढून घ्यायची तर इतर राजांचे पुतळेही असेच मोडत. बाकीची नासधूस पुष्कळशी नंतर दगड वापरणाऱ्यांची.

मग हेतू काय? आपला मुलगा अमेनहोतेप याची वाट निर्वेध करणे, किंवा राजपदावर बाई बसल्याचा दाखला पुसणे, हे अंदाज पटण्याजोगे आहेत. त्यातून दिसतो तो हिशेबी राजकारणी, चिडका पोरगा नव्हे.

लेखातला ‘जुलमी खुफू’, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणारा राजा, तर थेट ग्रीक इतिहासकार हिरोडोटसकडून आला आहे, आणि खुफू हा त्याच्याही दोन हजार वर्षे आधीचा! २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फला खुफूच्याच काळातले पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख) सापडले. त्यांत मेरेर नावाचा मुकादम तुराच्या खाणीतली चुनखडी पिरॅमिडसाठी नावेने गिझाला कशी नेली, ते दिवसवार लिहून ठेवतो. यावरून राजा दयाळू ठरत नाही, जुलमीही ठरत नाही. आणि ‘चेहऱ्यावरूनच क्रूर’ म्हणायचे, तर त्याची नावानिशी सापडलेली अखंड मूर्ती एकच: अबायडोसची, हस्तिदंती, उंची जेमतेम साडेसात सेंटिमीटर.

– एक वाचक