शिक्षकांकडून मुलांच्या चुका मागवा

संपादक महोदय,

प्राथमिक गणिताचा अभ्यासक्रम बदलताना शिक्षकांकडून अभिप्रायाच्या अर्जात ‘समाधानकारक’वर नुसती टिक घेऊन काय कळणार? मुलांच्या चुका मागवा. ४०३ − १८७ चे उत्तर मुले ३८४ लिहितात, कारण प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. दशकाच्या घरात शून्य असल्यावर उसना आणायचा कुठून? आधी एक शतक सुटे करून दहा दशक, मग त्यातला एक दशक सुटा करून दहा एकक. म्हणजे ३ शतक, ९ दशक, १३ एकक. हे काड्यांच्या गठ्ठ्यांनी करून पाहिल्याशिवाय उभी मांडणी नकोच.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी दिलेल्या ‘वीस एक’ या वाचनावरून केवढा वाद झाला! ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणारे मूल मात्र बाजूलाच राहिले.

— काही प्राथमिक शिक्षक, परळ, मुंबई