गदा देतानाचा नको, कुस्तीचा फोटो छापा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

यात्रांचा सिझन चालू आहे आणि आपल्या पेपरात कुठल्या ना कुठल्या गावच्या कुस्ती मैदानाची बातमी असतेच, त्याबद्दल आधी आभार. पण फोटो कुठला असतो, तर विजयी पैलवानाला गदा देताना अमुक आमदार, तमुक सभापती, शेजारी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि पैलवान बिचारा त्या फेट्यांच्या गर्दीत अर्धा खांदा दिसतोय. खाली चार ओळी नुसती नावं. कुस्ती कुठल्या डावावर झाली ते काही वेळा बातमीतपण नसतं!

फोटो मिळत नाहीत असं नाही, आमच्यासारखे हौशी फोटोवाले आखाड्याच्या कडेला मातीत मांडी घालून बसलेलेच असतात. उभं राहून काढला की नुसत्या पाठी येतात, खाली बसलं तरच दोघांचे चेहरे मिळतात. एक नंबरची कुस्ती लागते तोवर दिवस मावळायला आलेला, शटर 1/500 सेकंदापेक्षा हळू ठेवलं की हलणारे हातपाय धुरकट येतात म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची सेटिंग, चढवायचा, फोटो दाणेदार होतो, होऊ दे. फ्लॅश मारायचा नाही, पैलवानाच्या डोळ्यावर येतो आणि वस्ताद शिव्या घालतात, बरोबरच आहे त्यांचं. खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या हाताच्या झटापटीत, बराच वेळ काही होत नाही, हलगी वाजतेय, पब्लिक ओरडतंय, आणि आपलं लक्ष जरा हललं की तेवढ्यात ढाक, म्हणजे फेकायचा डाव, लागते, समोरच्याचे दोन्ही पाय आभाळाकडं. तो एक क्षण. पुढच्या सेकंदाला पंच आडवे येतात नाहीतर पब्लिक आत घुसून जिंकलेल्याला खांद्यावर घेतं, संपला विषय.

2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली का नाही यावरून केवढा राडा झाला, लोकं तोच व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होती. म्हणजे लोकांना बघायचं काय असतं ते कळतंच की. शाहू महाराजांनी 1912 ला कोल्हापूरचं खासबाग मैदान बांधलं तेच असं की पार मागं बसलेल्यालापण कुस्ती दिसली पाहिजे, आणि आज पेपर घेणाऱ्याला दिसतंय काय तर पुढाऱ्यांचे फेटे.

जाहिरातीचं गणित आम्हालापण कळतं, मान्यवरांचा फोटो टाळता येत नसेल तर आतल्या पानावर बारीक टाका. पण कुस्तीचा एक तरी टाका, खाली दोघांची नावं, तालमी आणि डाव, हरलेल्याचंपण नाव, तोही तेवढाच राबलेला असतो. आणि ज्यानं काढला त्याचं नाव बारीक अक्षरात का होईना.

मुलींच्या कुस्त्यांचे फोटो मात्र बघून निवडा. झटापटीत कपडा सरकलेली फ्रेम आम्ही जागेवरच डिलीट करतो, पण मोबाईलवाले सगळंच ग्रुपवर फिरवतात आणि गडबडीत एखादा तसला फोटो पेपरात गेला तर त्या पोरीची तालीम घरचे बंद करतील.

येत्या रविवारी आमच्याकडं मैदान आहे, फोटो रात्री नऊच्या आत पाठवतो, कुठल्या मेलवर पाठवायचे तेवढं कळवा.

आपला,
एक कुस्तीशौकीन वाचक, ता. वाळवा, जि. सांगली