‘पान तुम्हीच उलटा’ म्हणालात, त्याबद्दल

मॅडम,

नाव कुठे घालू नका म्हणालात, म्हणून नुसतं मॅडम. रीतसर आभारपत्र तुमच्या अभिलेखागाराच्या पत्त्यावर टाकलंय, ते फाइलला लागेल. त्यात जे लिहिता आलं नाही ते इथे.

पंडिता रमाबाईंची पत्रं बघायची आहेत म्हटल्यावर आधीच्या ठिकाणी काय काय विचारलं गेलं! पीएच.डी. करता का? कुठलं कॉलेज? शिफारसपत्र आहे का? मी निवृत्त शिक्षिका, माझ्याकडे यातलं काहीच नाही. एक गृहस्थ तर म्हणाले, “बाटलेल्या बाईचे कागद कशाला हवेत तुम्हाला?” 1893 मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनातून, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेतून, धर्मांतराच्या भीतीने पालकांनी भराभर मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकरांनीही सल्लागार मंडळ सोडलं. ती माणसं गेली, पण तो सूर अजून टेबलामागे बसून पगार घेतोय.

तुम्ही एवढंच विचारलंत, “आधी कुठली काढू?”

मी 1885ची म्हटलं, इंग्लंडमधली. तुम्ही फोल्डर समोर ठेवलंत, पानाखाली हात कसा धरायचा ते दाखवलंत आणि म्हणालात, “पान तुम्हीच उलटा.” मग खुर्ची बाजूला घेऊन आपल्या नोंदवहीत डोकं घातलंत. माझ्या हातांकडे बघत राहिला नाहीत! नियम तुम्हीही पाळलेत. पेन बाहेर, पिशवी बाहेर. पण समोरच्याला चोर न समजताही नियम पाळता येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ही पत्रं 1977 मध्ये पुस्तकात छापून आली आहेत, मी ती वाचलीही होती. छापील ओळीत त्या बाई समजूतदार वाटतात. हस्ताक्षरात तसं नाही वाटत. सत्तावीस वर्षांची विधवा, चार वर्षांची मनोरमा पदरी, परका देश, आसरा वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती जोगिणींचा. आणि ज्यांच्या छपराखाली राहिली त्यांनाच कळवतेय की आपल्याकडच्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही. तिने मुलग्यांना शिकवू नये म्हणून बिशपांनी हरकत घेतली, त्यावरही ती गप्प बसली नाही. त्या जोगिणींपैकीच एक, सिस्टर जेराल्डिन, तिचंही मला कौतुक वाटतं. आपल्याशी भांडणारी ही पत्रं तिनेच जपून ठेवली, जुळवली. दुसरी कुणी चुलीत घातली असती.

तिथे माझे डोळे भरून आले ते तुम्ही पाहिलं असणार. काही बोलला नाहीत, त्याचेही आभार.

मनोरमेच्या शिक्षणावरून झालेल्या वादाची पत्रं मराठीत उतरवायला घेतली आहेत. दोनतीन शब्द लागत नाहीयेत. पुढच्या महिन्यात वही घेऊन येते. तुमचा अर्ज भरूनच.

तुमची,
एक निवृत्त शिक्षिका