प्लाक ‘शोधणारी’ अँटिबॉडी आणि प्लाक सावरणारी अँटिबॉडी

संपादक महोदय,

हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले धोकादायक ब्लॉकेज हुडकून विरघळवणाऱ्या अँटिबॉडीच्या (ठरावीक रेणूलाच पकडणाऱ्या प्रथिनाच्या) बातम्या अधूनमधून छापून येतात आणि रुग्णांचे नातेवाईक ‘ते इंजेक्शन’ मागू लागतात. या बातम्यांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. प्लाक शोधणारी अँटिबॉडी अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे, प्लाक सावरणारी औषधांच्या दुकानात मिळते.

आधी धोका कशात आहे ते पाहू. अँजिओग्राफीच्या रिपोर्टातला टक्का वाट किती अरुंद झाली तेवढेच सांगतो. भिंतीत काय साठले आहे ते सांगत नाही. फुटणारा प्लाक, म्हणजे भिंतीतला हा साठा, पुष्कळदा गळवासारखा असतो. आत चरबीचा पिवळट लगदा, भोवती कचरा गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींची गर्दी आणि वर ६५ मायक्रॉनहूनही पातळ आवरण, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचे. या पेशींनी सोडलेली विकरे (एन्झाइम) आवरणातले कोलॅजन कुरतडत राहतात. आवरण फाटले की लगद्याला रक्त लागते, गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. असा प्लाक फुटण्यापूर्वी ५० टक्क्यांहून कमी अडथळा करत असू शकतो, आणि तेव्हा ट्रेडमिल टेस्टही नॉर्मल येऊ शकते.

हे गळू बाहेरून ओळखण्यासाठी अँटिबॉडी वापरायची, ही कल्पना. ऑक्सिडाइज्ड एलडीएल (बिघडलेले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल), सुजलेल्या अस्तरावरचा व्हीकॅम-१ हा रेणू किंवा उत्तेजित प्लेटलेट यांना नेमकी पकडणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला किरणोत्सारी अणू जोडायचा, शिरेतून सोडायची आणि ती कुठे जमते ते कॅमेऱ्यात पाहायचे. घोडे अडते ते इथून पुढे. अखंड अँटिबॉडी सुमारे १५० किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचे एकक), रक्तात कित्येक दिवस फिरत राहते. वाहिनी रक्तानेच भरलेली, त्यामुळे रक्तातल्या अँटिबॉडीच्या उजेडात भिंतीवरचा ठिपका बुडून जातो. झिर्कोनियम-८९ (अर्धायुष्य ७८ तास) जोडून चार-पाच दिवस थांबावे, तर रुग्णाला किरणोत्साराची मात्रा जास्त बसते. जोडणी सैल निघाली तर सुटा झिर्कोनियम हाडांत जाऊन बसतो. खूण गडद व्हावी म्हणून एकेका अँटिबॉडीवर जास्त अणू लादले तर तिची पकडीची जागाच झाकली जाते.

म्हणून लक्ष नॅनोबॉडीकडे वळले. उंटाच्या कुळातल्या प्राण्यांच्या रक्तात नेहमीच्या जड आणि हलक्या साखळ्यांपैकी हलकी नसलेली अँटिबॉडी ब्रसेल्सच्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवून दिली. तिचे पकडीचे टोक, म्हणजेच नॅनोबॉडी, केवळ १५ किलोडाल्टनचे, अखंड अँटिबॉडीच्या एक दशांश. ते मूत्रपिंडावाटे झपाट्याने बाहेर पडते आणि दोन-तीन तासांत रक्त बरेच स्वच्छ होते. त्यामुळे सहा तास अर्धायुष्याचे टेक्निशियम-९९एम पुरते, आणि ते तर न्यूक्लिअर मेडिसिन विभागात नेहमीच्या वापरातले. व्हीकॅम-१ पकडणाऱ्या अशा नॅनोबॉडीने उंदरांच्या महाधमनीतले प्लाक छान दाखवले.

पण माणसाच्या हृदयाला रक्त पुरवणारी कोरोनरी वाहिनी तीन-चार मिलिमीटरची आणि पेट स्कॅनरची (शरीरातला किरणोत्सार टिपणाऱ्या यंत्राची) नजर चार-पाच मिलिमीटरची. त्यात हृदय ठोक्यागणिक आणि श्वासागणिक हलते, म्हणून लहान ठिपका फरफटतो आणि आहे त्यापेक्षा फिका दिसतो. ईसीजीशी सांगड घालून ठोक्याचा ठरावीक टप्पाच निवडावा, तर बाकीचे संकेत वाया जातात आणि चित्र दाणेदार होते. शिवाय उंदरातला प्लाक सहसा आपण होऊन फुटत नाही. नेहमीच्या तपासणीसाठी ‘अँटिबॉडी स्कॅन’ आज उपलब्ध नाही. त्यापुढे गेलेली पद्धत अँटिबॉडीची नाही, किरणोत्सारी फ्लोरिन असलेल्या साध्या सोडियम फ्लोराइडची आहे. एडिंबराच्या २०१४ मधील अभ्यासात हार्ट अटॅकच्या ४० पैकी ३७ रुग्णांत त्याची सर्वाधिक चमक अटॅकला कारण ठरलेल्या प्लाकमध्येच दिसली.

अँटिबॉडीने उपचार करण्याचा अनुभव संमिश्र आहे. ऑक्सिडाइज्ड एलडीएलवरची अँटिबॉडी माणसांना देऊन पाहिली, पण पेटवर दिसणारी सूज उतरली नाही. सूज भडकवणारे इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन रोखणारे कॅनाकिनुमॅब २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत १०,०६१ रुग्णांवर तपासले. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम दिल्यावर हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. सीडी-४७ ही ‘मला गिळू नका’ सांगणारी पेशीवरची खूण रोखली तर मॅक्रोफेज मेलेल्या पेशी पुन्हा गिळू लागतात. मात्र हीच खूण तांबड्या पेशींवरही असल्याने रक्त कमी होते.

आणि तरीही आवरण जाड करणारी अँटिबॉडी आपल्या हाताशी आहे. ती प्लाक शोधत नाही. पीसीएसके-९ हे प्रथिन रोखून यकृताला एलडीएल ओढून घ्यायला लावते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हायजेन्स अभ्यासात वाहिनीत ओसीटीची (प्रकाशाने भिंतीचे बारीक चित्र काढणारी) नळी घालून आवरण मोजले. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीसोबत ही अँटिबॉडी (इव्होलोक्युमॅब) घेणाऱ्यांत ते वर्षभरात ४२.७ मायक्रॉनने वाढले, नुसत्या स्टॅटिनवर २१.५ ने. म्हणजे स्वस्तातली गोळीही आवरण जाड करते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून ती बंद करणारे रुग्ण पाहिले की जीव तुटतो.

इव्होलोक्युमॅबचे इंजेक्शन महाग आहे, म्हणून ते वाया जाऊ देऊ नका. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, फ्रीझरला लागून नको. एकदा गोठले की टाकून द्यावे लागते. वीज बराच वेळ गेली असेल तर ते वापरण्यापूर्वी औषधविक्रेत्याला विचारा. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका. पोटावर घेताना बेंबीपासून दोन इंच सोडा आणि दर खेपेला जागा बदला.

वृत्तपत्रांना एक विनंती. अशी बातमी देताना प्रयोग उंदरावर की माणसावर, महाधमनीत की कोरोनरीत, एवढे पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

– हृदयरोग व न्यूक्लिअर मेडिसिन विभागांतील दोन डॉक्टर, पुणे