फुलांआधी भिंत पाहणाऱ्या दादांना

दादा,

हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे, तेव्हा तुम्ही संकोचणार हे मला माहीत आहे. पण भिंतीला कागद, म्हणजे वॉलपेपर, लावण्याच्या तुमच्या कामाची तऱ्हाच अशी की ते उत्तम झालं की दिसेनासं होतं. घरी येणारा प्रत्येक जण कागदावरच्या फुलांचं कौतुक करतो. कुणी कागद कुठून मागवला ते विचारतं, कुणी माझ्या निवडीला दाद देतं. भिंतीचं कौतुक आजवर एकानेही केलेलं नाही. कागदाच्या सांध्यांचं कोण करणार, ते आधी सापडायला तर हवेत! म्हणून जे दिसत नाही त्याचा हिशोब इथे मांडते. हिशोब मांडणं हा माझा पेशाच आहे.

काळपट हिरव्या रंगावर हातभर रुंद गुलाब, पिओनी आणि ट्युलिप, तेही कामाच्या खोलीत, हे ऐकून घरातल्या सगळ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. डोकं दुखेल, खोली आक्रसल्यासारखी वाटेल, चार महिन्यांत कंटाळशील. त्याआधी ज्यांना काम विचारलं होतं त्यांनीही बारीक वेलबुट्टीचे नमुने पुढे सरकवले होते. तुम्ही चित्र पाहिलंत, ‘फुलं झकास आहेत’ म्हणालात, आणि मला उलट विचारलंत, ‘ताई, तुम्ही बसणार कुठे?’

मग तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात. स्क्रीनकडे पाहिलंत, खिडकीकडे पाहिलंत, मान डावीकडे वळवलीत. माझ्या मनात पाठीमागची भिंत होती, कॉलवर शोभून दिसेल म्हणून. तुम्ही म्हणालात, ‘मग ती जगाला दिसेल. तुम्हाला कधी दिसणार?’ समोरच्या भिंतीला मात्र तुमचा साफ नकार. दिवसभर आकड्यांच्या गर्दीत असलेल्या डोळ्यांना स्क्रीनच्या मागे पुन्हा गर्दी नको, तिथे साधा रंगच बरा. शेवटी डावीकडची भिंत ठरली. मान वळवली की फुलं, सरळ केली की काम. आज ही गोष्ट इतकी उघड वाटते की ती कुणी सुचवावी लागली होती हे विसरायला होतं.

त्या भिंतीला फायलींचं बुटकं कपाट लागणार होतं. तुम्ही त्याची उंची मोजलीत आणि छापायला देण्यापूर्वी चित्र वर सरकवून घ्यायला लावलंत. नाहीतर सगळ्यात मोठा गुलाब कपाटाच्या मागे गेला असता आणि वर नुसती पानं उरली असती. माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घेतलीत, उंचीही तशीच. तिन्ही आकडे वेगळे आले. मी टेप चुकला असेल असं म्हणणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ‘टेप बरोबर आहे, भिंतच अशी आहे. सगळ्याच अशा असतात.’ सर्वांत मोठा आकडा धरून चारही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर जादा कागद मागवायला सांगितलात. ताळेबंदात अशी सढळ तरतूद करणारी माणसं मला फार क्वचित भेटतात.

आता भिंतीबद्दल, कारण खरे आभार तिथले आहेत.

तुम्ही दिवे घालवलेत आणि बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश सोडलात. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या भिंतीवर एकदम टेकड्या आणि खड्डे उभे राहिले. खिडकीचा उजेड त्या भिंतीवर असाच तिरपा येतो, म्हणजे कागद लागल्यावर प्रत्येक उंचवटा रोज सकाळी सावली पाडणार, हे तुम्ही मला प्रत्यक्ष दाखवलंत. मग जुन्या रंगावर चिकटपट्टी दाबून खसकन ओढलीत. पट्टीला रंगाचा पापुद्रा लागून आला. ‘कागद रंगाला धरतो,’ तुम्ही म्हणालात, ‘आणि रंगाने भिंत सोडली की कागदही खाली येतो.’ तो सगळा सुटा रंग खरवडून काढणं, भेगा भरणं, पुट्टीचे हात, घासणं, धूळ पुसणं, प्रायमर: यातलं काहीही आज कुणाच्या नजरेला पडत नाही. बहुतेक मेहनत मात्र तिथेच गेली.

त्यातही एक कोपरा तुम्हाला खटकत होता. हाताला गार लागतो म्हणालात. तिथे प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावलात आणि दुसऱ्या दिवशी पाहायला आलात. आतल्या बाजूने थेंब जमले होते. हवेतला दमटपणा असता तर ते बाहेरच्या बाजूने आले असते. आतून आले, म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं. पलीकडे न्हाणीघर आहे. कागद तोवर घरात येऊन पडला होता, मला घाई होती, आणि घाई असलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं कुणालाच परवडत नाही. तुम्ही मात्र नाही म्हणालात. ओलीवर कागद लावला तर काही दिवस छानच दिसेल, मग मागे बुरशी धरेल, खळ सुटेल, आणि तेव्हा दोष कागदाला दिला जाईल. आधी नळ दुरुस्त करून घ्या, भिंत वाळू द्या, प्लॅस्टिक कोरडं निघेल त्या दिवशी मला फोन करा. एवढं बोलून बादली उचलून निघून गेलात. तो दिवस तुमचा फुकट गेला, आणि त्याचा उल्लेख तुम्ही नंतर एकदाही केला नाहीत. दादा, पत्र लिहायचं मी त्याच दिवशी ठरवलं होतं.

पांढऱ्या प्रायमरवर तुम्ही गडद हिरव्या रंगाचे उभे पट्टे मारायला घेतलेत तेव्हा मला काही उमगेना. सगळं झाकलंच जाणार, मग रंग कशाला? खळ वाळताना सांधे केसाएवढे ओढले जातात आणि कागदाच्या दोन पट्ट्यांमध्ये बारीक फट पडू शकते, हे तुम्ही समजावलंत. फिकट कागदात ती खपून जाते. गडद चित्रात मागची पांढरी भिंत डोकावली की खडूने रेघ ओढल्यासारखी दिसते. म्हणून जिथे जिथे सांधा येणार त्या रेषेमागे आधीच कागदाच्या रंगाचा पट्टा. कागदाच्या पांढऱ्या कडांवरूनही तुम्ही रंगीत पेन्सिल फिरवलीत. मी आता नाक भिंतीला लावून सांधे शोधते आणि दोनच सापडतात, तेही मला त्यांची जागा ठाऊक आहे म्हणून.

लावायच्या दिवशीचं काम त्यामानाने भराभर झालं. आधी कागदाचे सहाही पट्टे जमिनीवर क्रमाने मांडलेत, क्रमांक आणि छपाईची तुकडी लेबलावरून ताडून पाहिलीत. स्विचबोर्डाचा एमसीबी बंद केलात. पंखा लावायला मला मनाई, खिडकीही बंद. वाऱ्याने खळ लवकर वाळली की सांधे ओढले जातात. घामाने तुमचा सदरा भिजला तरी पंखा बंदच. कोपऱ्यापासून सुरुवात न करता तुम्ही ओळंबा सोडून त्यावर पहिली उभी रेघ आखलीत, कारण कोपरा वाकडा असला की सगळी फुलं त्याच्या मागे कलत जातात. हा कागद ओला होऊन फुगणाऱ्यांतला नव्हता, त्यामुळे खळ थेट भिंतीला. नाहीतर खळ लावलेला कागद घडी घालून थोडा वेळ मुरू द्यावा लागतो, हेही हात चालू असतानाच सांगितलंत. कडेला कड भिडवायची, एकावर एक चढवायची नाही. हात मधून बाहेर फिरवायचा. सांध्यातून डोकावलेली खळ तिथल्या तिथे ओल्या स्पंजने टिपायची, कारण वाळलेली खळ गडद मॅट कागदावर चकाकते. कटरचं पातं तर तुम्ही इतक्या वेळा मोडत होतात की मला उधळपट्टी वाटली. मग बोथट पात्याने ओला कागद कसा फरफटतो ते एका कात्रणावर करून दाखवलंत, आणि मी गप्प बसले.

शेवटच्या पट्ट्याची कड वाहतुकीत दुमडून फाटली होती, एका पाकळीपाशीच. नवा पट्टा मागवला तर दुसऱ्या छपाईचा रंग जुळेलच असं नाही. तुम्ही वरून कापलेल्या जादा कागदातून तशाच रंगाची पाकळी शोधलीत आणि कात्रीने न कापता हाताने फाडून काढलीत. कापलेली कड जाड राहते आणि दिसते, फाडलेली पातळ होत जाते आणि मिसळते. ती पाकळी त्या जागी अशी बसली की आता फाटलेली जागा कुठली ते मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

याबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. अठराव्या शतकात चीनमधून युरोपात हाताने रंगवलेले भिंतीचे कागद जात. फुलझाडं, पक्षी, फुलपाखरं, पूर्ण खोलीभर एकच न संपणारी बाग, पट्ट्यापट्ट्यांनी. युरोपातले कारागीर ते लावताना जादा कागदातले पक्षी आणि फुलपाखरं कातरून घेत आणि जिथे सांधा नीट जुळला नाही किंवा कागद खराब झाला, तिथे चिकटवून देत. काही जुन्या वाड्यांमध्ये तसे पक्षी अजून त्या भिंतींवर बसलेले आहेत. त्या कारागिरांची नावं फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत. तुमची युक्ती तुम्ही कुणाकडून शिकलात मला माहीत नाही, पण ती अडीचशे वर्षांहून जुनी आहे एवढं नक्की.

आणि तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. शिडीवरून तुम्ही विचारलं होतंत, ‘ही सगळी फुलं एकाच वेळी फुलतात का हो?’ नाही फुलत. या धाटणीची चित्रं सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांच्या वळणावर जातात. काळोखी पार्श्वभूमी, तिच्यातून उजेडात आलेली भरगच्च फुलं. रॅचेल रॉइश (१६६४-१७५०) नावाची चित्रकार त्यात फार नावाजलेली होती. तिचे वडील वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हे चित्रकार वसंतातलं ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच फुलदाणीत बिनदिक्कत ठेवत. प्रत्येक फुलाचा अभ्यास त्या त्या ऋतूत करून ठेवायचा आणि चित्रात सगळी एकत्र आणायची. तुमची शंका रास्त होती. इतकी फुलं त्या भिंतीकडे निरखून पाहणाऱ्यालाच खटकतात, आणि असं निरखून पाहणारे तुम्ही एकटेच निघालात.

दिव्याबद्दलचा तुमचा सल्लाही मानला. गडद मॅट भिंत उजेड पिऊन टाकते, एका दिव्यावर भागणार नाही, हे खरं ठरलं. टेबलावर ४००० केल्विनचा, म्हणजे फार पिवळाही नाही आणि निळसरही नाही अशा उजेडाचा दिवा घेतला. त्याहून पिवळ्या उजेडात हिरवा रंग मातकट दिसत होता. स्क्रीनवर मात्र आता भिंतीची चमक येत नाही, हा फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. डोकं अजून दुखलेलं नाही, हे घरच्यांसाठी इथेच नोंदवून ठेवते.

हल्ली अशी कामं स्वतः करा म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. मागचा कागद सोलून चिकटवायचा प्रकार लहानशा भिंतीवर कुणीही करावा, मजा येते. पण गडद रंगाचं, सहा पट्ट्यांत सलग जाणारं चित्र असेल तर मी प्रत्येकाला हेच सांगेन की जाणता माणूस बोलवा, आणि तो भिंतीबद्दल किती प्रश्न विचारतो त्यावरून त्याची पारख करा. नमुन्यांची वही आधी उघडणाऱ्यांना मी आता थोडं लांबूनच नमस्कार करते.

लेबल आणि उरलेली कात्रणं तुम्ही सांगितल्याप्रमाणे गुंडाळून, पेटीत आडवी ठेवली आहेत. भिंत पुसताना ओलं फडकं वापरत नाही, मऊ कोरडाच ब्रश. लेबलावर ‘ओल्याने पुसता येतो’ असं सांगणारं लाटांचं चिन्ह असलं तरी मॅट कागदाला घासू नये हे लक्षात आहे.

तुमचा नंबर मागणारे वाढले आहेत. तुम्हाला विचारल्याशिवाय मी तो कुणाला दिलेला नाही. हरकत नसेल तर देईन, पण देताना तुमच्या अटी आधीच सांगून टाकेन: पहिल्यांदा भिंत पाहायला येणार, ओल निघाली तर थांबावं लागेल, आणि काम चालू असताना पंखा मागायचा नाही.

अजून एक. निघताना बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशेजारच्या भिंतीवरून तुम्ही हात फिरवलात, मान हलवलीत आणि काहीच न बोलता गेलात. ते मी पाहिलं आहे. त्या भिंतीबद्दल तुमचं काय मत झालं ते सवडीने कळवा. कागद मी अजून निवडलेला नाही.

तुमची आभारी,
फुलांच्या खोलीतली ताई